ॲम्ब्रोजच्या पिकअपचा मागचा डावा टायर

मित्रांनो, व्हर्लिंडा एट्सिटीला लग्नाच्या नवव्या वर्षी मुलगी झाली, त्या हिवाळ्यात मी दुकानातून रस्त्यावर आलो. माझ्या जन्माचे साल माझ्या कुशीवर आकड्यांत उठवलेले होते. पण वाटेतल्या दगडांनी ते केव्हाच खरवडून नेले. म्हणून मी काळ मोजतो तो त्या मुलीच्या वयावरून. तिचे नाव लिनेल.

मी एक जुना टायर आहे, पिकअप गाडीचा. रबर, काजळी, गंधक आणि पोलादाच्या तारा एकत्र करून मला तापलेल्या साच्यात दाबले, तेव्हा वाटले, संपलो आता. पण साचा उघडला आणि पाहतो तर अंगभर नक्षी! जाड गोटे, गोट्यांच्या मधे खाचा, आणि गोट्यांवर केसासारख्या बारीक चिरा. मी स्वतःवरच खूश झालो. माझ्या कंपनीचे नाव मात्र तुम्ही ऐकलेले नसणार. कोणीच ऐकलेले नव्हते. ते माझे पहिले दुःख.

फार्मिंग्टन गावात रोझेंडोचे टायरचे दुकान होते. तिथे मी आणि माझे तीन भाऊ खालच्या फळीवर पडून होतो. वरच्या फळीवर एक नावाजलेला टायर बसलेला असे. त्याच्या कुशीवर पांढरी शुभ्र अक्षरे होती आणि तो ती सारखी लोकांकडे वळवून बसायचा. कोपऱ्यात चिखलाचे टायर होते, एकेक गोटा मुठीएवढा. ते म्हणायचे, "आम्ही असलो की रस्ता लागतच नाही." दाराशी गुळगुळीत, बारीक नक्षीचे शहरी टायर. ते आपसात हळू आवाजात बोलत आणि आमच्याकडे बघत नसत. मी ना इकडचा ना तिकडचा. येणारे गिऱ्हाईक मला पायाने ढकलून बघायचे आणि पुढे जायचे.

आता माझ्या मालकाची, ॲम्ब्रोजची, अडचण सांगतो. व्हर्लिंडा त्याची एकुलती एक लेक. ती फार्मिंग्टनच्या एका दवाखान्यात कामाला होती आणि तान्ह्या लिनेलला घेऊन तिथेच राहत होती. ॲम्ब्रोज राहायचा शिपरॉक गावाच्या पलीकडे, अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या मुलुखात, तांबड्या कड्याखाली, मेंढ्यांजवळ. त्याच्या घरापासून गावापर्यंतचा अर्धा रस्ता डांबरी आणि अर्धा मातीचा. माती अशी की कोरडी असली तर पत्र्याच्या लाटांसारखी गाडीला खडखडवते आणि ओली झाली की साबण होते. ॲम्ब्रोजच्या गाडीचे आधीचे टायर टकले झाले होते. एका शनिवारी बर्फ वितळल्यावर तो नातीला बघायला निघाला आणि गाडी सरळ चरात जाऊन बसली. दिवसभर तो त्या चरात बसून होता. नुसती भेट हुकली असती तर त्याने मनाला लावून घेतले नसते. पण मधे एक हसू हुकण्याची भीती होती.

मित्रांनो, आमच्याकडे बाळ जन्मले म्हणजे लगेच पुरते आपले झाले असे धरत नाहीत. ते पहिल्यांदा खळखळून हसते, तेव्हा ते इथे राहायला तयार झाले असे समजतात. आणि त्याला ज्याने हसवले, त्याने सगळ्या गणगोताला जेवायला घालायचे. बाळाची मूठ आपल्या हातात धरून प्रत्येकाच्या तळव्यावर खडेमीठ ठेवायचे. म्हणजे बाळ आयुष्यात पहिली गोष्ट करते ती देण्याची. आणि हसवणाऱ्याचा जसा स्वभाव, तसा बाळाचा होतो म्हणतात.

व्हर्लिंडाला तिच्या आईने हसवले होते. बर्टिना तिचे नाव. हात एवढा मोकळा की अंगावरची शालसुद्धा देऊन थंडीत कुडकुडत घरी यायची. ती आता नव्हती. तिच्या जागी लिनेलला आपणच हसवावे, एवढी एक इच्छा ॲम्ब्रोजने धरली होती. दोन मेंढे त्याने त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवले होते.

आणि त्याला धास्ती होती ती एलुईसची.

एलुईस म्हणजे बर्टिनाची धाकटी बहीण, ॲम्ब्रोजची मेहुणी. कड्याखालीच पलीकडच्या घरात एकटी राहायची. तिच्या चिक्कूपणाच्या गोष्टी दूरदूरपर्यंत पोचल्या होत्या. तिच्या रश्श्यात मटण शोधायला कुत्रा सोबत न्यावा लागतो, असे लोक म्हणत. तिने कॉफी दिली तर कपाचा तळ दिसे. उद्या बाळ हिच्याकडे बघून हसले तर? सगळ्यांच्या मनात तेच होते. तोंडावर कोणी बोलत नव्हते.

चरातल्या त्या शनिवारनंतर ॲम्ब्रोज एका शेजाऱ्याच्या उसन्या टायरांवर कसाबसा गावात आला. एलुईस शेजारी बसून आली होतीच. दुकानात शिरताच तो थेट कोपऱ्यातल्या चिखलाच्या टायरांपाशी गेला आणि त्यांच्यावरून हात फिरवू लागला.

"हे बघ, एलुईस! हे लावले की कड्यावरसुद्धा चढेल गाडी."

"दाजी, तुम्हाला नातीकडे जायचंय की लढाईला?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला एवढं कळतं की निम्मा रस्ता डांबरी आहे." ती रोझेंडोकडे वळली. "काय रे बाबा, हे डांबरावर कसे चालतात? खरं सांग."

रोझेंडोने मान खाजवली. "आवाज करतात, मावशी. आणि झिजतातही लवकर. पेट्रोलही जरा जास्त खातात."

"ऐकलंत? पोरीच्या दारात पोचेपर्यंत कान बहिरे. बाळ हसलं तरी ऐकू यायचं नाही."

ॲम्ब्रोजने चिखलाच्या टायरांवरचा हात काढला. ती दाराशी गेली. "आणि हे गुळगुळीत?"

"डांबरावर लोण्यासारखे. पण तुमच्या मातीत दोन फेऱ्यांत भरून जातील. मग टायर नाही, मातीची भाकर फिरते नुसती."

"मग मधला काढ. दोन्हीकडे चालणारा."

रोझेंडोने अर्थातच वरच्या फळीवरचा पांढऱ्या अक्षरांचा टायर काढला. तो असा ऐटीत खाली आला की काय सांगू! एलुईसने किंमत विचारली, ऐकली आणि जणू कानात पाणी गेल्यासारखे डोके झटकले. मग तिने पिशवीतून टॉर्च काढला आणि सरळ गुडघे टेकून खालच्या फळीत शिरली. मित्रांनो, माझ्या तोंडावर उजेड पडला तो असा पहिल्यांदा.

तिने माझ्या खाचेत अंगठा घालून बघितला. "ह्याची खाच त्याच्याएवढीच खोल आहे. बारीक चिराही आहेत. डोंगर आणि बर्फाचा तारा, ती बर्फात चालण्याची खूण कुठाय? ही बघ, आहे. पाण्याची टाकी भरून आणायची असते आम्हाला. वजन पेलणारा आहे ना?"

"आहे. त्याच्याएवढाच पेलतो."

"मग त्याची किंमत एवढी का?"

"नाव आहे ना, मावशी."

"नाव काय चिखलात पाय रोवतं?"

माझ्याच फळीवर, माझ्याही पलीकडे, आणखी स्वस्त असे चार टायर होते. ॲम्ब्रोज म्हणाला, "एवढंच वाचवायचं तर ते घे की." एलुईसने त्यांच्या कुशीवर टॉर्च मारला. शेवटचे चार आकडे म्हणजे जन्माचा आठवडा आणि वर्ष. ते तिने दोनदा वाचले.

"हे सहा वर्षं फळीवर वाळताहेत. रबर म्हातारं झालं की तडकतं. स्वस्त आहे म्हणून शिळी भाकर कोणी लेकराला चारतं का?" मग तिने माझे आकडे वाचले. मी जेमतेम वर्षाचा होतो. "हा कोवळा आहे. हे चारही काढ."

"दोनच पुरे की," ॲम्ब्रोज म्हणाला.

"मागं नवे आणि पुढं टकले लावून चाललात तर गाडी वळायच्या ऐवजी सरळच जाईल. चार."

"मग निदान एक माप मोठे तरी घेऊ. जरा रुबाबदार दिसतील."

एलुईस तडक निघाली. बाहेर जाऊन तिने पिकअपचे दार उघडले, आतल्या पट्टीवर छापलेले माप मोठ्याने वाचले आणि दार आपटले. त्यानंतर ती तासभर घासाघीस करत राहिली. रोझेंडोच्या कपाळावर घाम आला. वरच्या फळीवरचा पांढऱ्या अक्षरांचा भाऊ परत जागेवर गेला आणि मी, कोणाला माहीत नसलेला मी, पिकअपच्या मागच्या डाव्या बाजूला बसलो. तो माझ्या आयुष्यातला मोठा आनंदाचा दिवस.

मग सुरू झाले आमचे शनिवार. ॲम्ब्रोज फाटकाबाहेर पडला की थांबून आमच्यातली थोडी हवा कमी करी, म्हणजे वाळूत आणि मऊ मातीत आमचा तळवा रुंद पडे. डांबरी रस्ता लागला की छोट्या पंपाने पुन्हा भरी. हे त्याला एलुईसने बजावून ठेवले होते. डांबरावर मी नीट गुणगुणत जायचो, चिखलात बोटे रोवून चढायचो. चर यायचा, आम्ही त्याच्याकडे बघून हसायचो आणि पुढे जायचो.

व्हर्लिंडाच्या अंगणात गाडी उभी राहिली की सगळे मला दिसायचे. ॲम्ब्रोज नातीपुढे काय काय करायचा! टोपी नाकावर घ्यायचा. मेंढीसारखा ओरडायचा. खोटी शिंक देऊन मागे कोलमडायचा. लिनेल लाकडी फळीच्या पाळण्यात गुंडाळून ठेवलेली असे. ती त्याच्याकडे न्यायाधीशासारखी बघायची, एक जांभई द्यायची आणि झोपून जायची.

"बाबा, तुम्ही घाबरवताय तिला," व्हर्लिंडा म्हणायची.

"घाबरत नाहीये. विचार करतेय, हसावं की नको."

आणि एलुईस? ती लांब खुर्चीवर हाताची घडी घालून बसे. चेहरा असा की दगड बरा. मी तिला बाळासमोर एकदाही हसताना पाहिले नाही. ॲम्ब्रोजला वाटे, ही फुगलीय. परतीच्या वाटेवर तो टोमणे मारायचा.

"काय गं, हसायलासुद्धा पैसे पडतात का तुला?"

"रस्ता बघा, दाजी."

वसंत आला. मेंढ्या विण्याचे दिवस. व्हर्लिंडाने आठवड्याची सुट्टी काढली आणि बाळाला घेऊन कड्याखाली आली. आदल्या दिवशी गारा पडल्या होत्या. माती नुसती लोण्यासारखी झाली होती. आम्ही चौघांनी त्या मायलेकींना असे आणले की बाळाची झोपसुद्धा मोडली नाही. ॲम्ब्रोजने उतरून माझ्यावर थाप मारली. मला ती अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टायरांची अदलाबदल काढली. पुढचे मागे, मागचे पुढे. सगळे सारखे झिजावेत म्हणून. घर उतारावर होते. खाली मेंढवाडा आणि त्याच्या पलीकडे कोवळ्या उन्हात व्हर्लिंडा बाळाला घेऊन बसलेली. एलुईस शेजारी कोकराला बाटलीने दूध पाजत होती. ॲम्ब्रोजने जॅक लावला, नट सोडले, मला काढून गाडीला टेकवून उभे केले आणि दुसऱ्या चाकाकडे वळला.

मी मुद्दाम केले नाही, मित्रांनो. मातीच निसरडी होती. मी हळूच कललो, अर्धी गिरकी घेतली, आणि उतार दिसला.

"अरे, अरे, अरे!" ॲम्ब्रोज ओरडला. मी निघालो होतो. तो मागे. त्याचा एक बूट चिखलाने धरून ठेवला. तो एका मोज्यावर धावू लागला. मी मेंढवाड्याच्या उघड्या दारातून आत शिरलो. मेंढ्या चहूकडे फुटल्या. एक म्हातारा बोकड माझ्यावर चालून आला, मी त्याला चुकवून पलीकडच्या दारातून बाहेर. ॲम्ब्रोजने झेप घेतली ती माझ्यावर नाही, बोकडावर. दोघे मिळून चिखलात लोळले. मी वळण घेत, डुलत, दारू प्यायल्यासारखा गोल गोल फिरत बरोबर बाळापुढे आलो आणि थप्पकन आडवा झालो.

तेवढ्यात एक आवाज आला. तसा आवाज त्या कड्याखाली फार वर्षांत कोणी ऐकला नव्हता. एलुईस हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कोकराची बाटली हातातून पडेपर्यंत हसत होती. लिनेलने मान वळवली, तिच्या तोंडाकडे टक लावून बघितले आणि एकदम खळखळून हसली.

सगळे थबकले. बोकडसुद्धा.

एलुईसने दोन्ही हातांनी तोंड दाबले. "मी नाही! मी नाही गं! टायरकडे बघून हसली ती."

"मावशी," व्हर्लिंडा हळूच म्हणाली, "ती तुझ्याकडे बघत होती."

"टायर! टायर म्हणते ना मी!" ती ॲम्ब्रोजकडे धावली. तो चिखलातून उठून बसला होता. "दाजी, तुम्ही सांगा ना. तुम्ही पडलात म्हणून हसली. तुमच्यामुळंच. कोण विचारायला येतंय? म्हणा की."

ॲम्ब्रोजने तिच्याकडे पाहिले. मेंढे तयार होते. एक शब्द बोलला असता तर सगळे त्याच्याच नावावर लागले असते.

"एवढी का घाबरतेस?" त्याने विचारले.

"माझ्यासारखी झाली तर?" तिचा आवाज चिरकला. "लोक काय म्हणतात ते काय मला ऐकू येत नाही? लहानपणी आमच्या घरी पिठाचा डबा रिकामा असायचा. तेव्हापासून माझा हात उघडतच नाही, दाजी. बर्टिनाताईचा कसा उघडायचा कुणास ठाऊक. पोरीला ते नको म्हणून तीन महिने दात आवळून बसले मी. आणि आज तुम्ही तो बोकड..." आणि तिला रडता रडता पुन्हा हसू फुटले. लिनेल पुन्हा हसली.

ॲम्ब्रोजने तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "पोरीचं पहिलंच हसू, ते मी चोरू? ती तुझ्याकडे बघून हसली. मीठ तूच द्यायचं."

"दाजी..."

"ऐक. मी दुकानात ते मुठीएवढ्या गोट्यांचे टायर घेणार होतो. घेतले असते तर आज ना पैसे उरले असते, ना टायर. तू गुडघे टेकलेस म्हणून मी एकही शनिवार चुकलो नाही. तुझा अर्धा स्वभाव जरी पोरीला लागला ना, तरी जन्मात कोणी तिच्या गळ्यात काही मारू शकणार नाही."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो तू जेवणापर्यंत दुरुस्त कर."

जेवण चौथ्या दिवशी झाले. कड्याखाली एवढ्या गाड्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. व्हर्लिंडाचा नवरा दूरच्या कामावरून आला, फार्मिंग्टनहून रोझेंडोही आला. ॲम्ब्रोजने आपले दोन मेंढे दिले; एलुईसने स्वतःच्या कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट मेंढी आणली आणि पिठाची अख्खी गोणी फोडली. पोळीएवढ्या फुगलेल्या रोट्या तेलातून निघत होत्या, भाजलेल्या बरगड्यांचा वास खालच्या ओढ्यापर्यंत गेला होता. मला धुऊन पुसून मधोमध आडवे ठेवले, वर एलुईसने विणलेली घोंगडी अंथरली आणि तिच्यावर मिठाची टोपली. मित्रांनो, माझ्यावरून पाण्याची टाकी गेली, सरपण गेले, मेंढ्या गेल्या. पण तेवढे हलके आणि तेवढे मोठे ओझे मी कधी पेलले नाही.

एलुईसने लिनेलची मूठ आपल्या हातात धरली. पहिला खडा तिने ॲम्ब्रोजच्या तळव्यावर मोजून एकच ठेवला. दहाव्या माणसापर्यंत मोजणे सुटले. मग ती वाढायला लागली ती थांबेचना.

"एलुईस, चुकून दोनदा वाढलंस गं!" एका म्हाताऱ्याने टोमणा मारला.

"गप खा. तुझ्या ताटात कुत्रा सोडू का मटण शोधायला?"

केवढे हसले लोक! तिला ती गोष्ट माहीत होती, हे त्यांना तेव्हा कळले. रोझेंडो निघाला तेव्हा तिने त्याच्या हातात अख्खी तंगडी दिली. तो म्हणाला, "मावशी, हे तर घासाघिशीत गेलं त्यापेक्षा जास्त झालं." ती म्हणाली, "टायरचा भाव वेगळा, जेवणाचा वेगळा."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे पळालो. पाणी आणले, लाकडे आणली, लिनेलला बालवाडीच्या बसपर्यंत नेले, कारण पुढे व्हर्लिंडा शिपरॉकला बदली घेऊन कड्याखालीच राहायला आली. माझे गोटे झिजत गेले. खाचांच्या तळाशी ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्या माझ्या झिजलेल्या गोट्यांच्या बरोबरीला आल्या, तेव्हा एलुईसनेच अंगठा घालून सांगितले, "ह्याचं झालं आता." मला काढले, घरामागे टाकले. तिथे एक हिवाळा मी पडून होतो. पोटात पाणी साचायचे, डास व्हायचे, कोणी बघायचे नाही. वाईट वाटायचे, खोटे का सांगू. मग एका वादळात छपराचा पत्रा फडफडू लागला आणि ॲम्ब्रोजला माझी आठवण झाली. शिडी लावून त्याने मला वर चढवले. तेव्हापासून मी छपरावर आहे. वारा येतो, पत्रा धरून बसतो. इथून कडा दिसतो, रस्ता दिसतो, आणि नव्या टायरांची गाडी येताना दिसते.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुठलेतरी चाक असेल, गाडीचे, सायकलचे. आम्ही फार काही मागत नाही. निवडताना नाव बघून हुरळू नका आणि नुसती किंमत बघूनही नका. वाकून बघा, हात लावा, आपला रस्ता कसा आहे तो आठवा. पोटात हवा पुरेशी ठेवा. अधूनमधून जागा बदला. टक्कल पडल्यावर हट्टाने पळवू नका. आमची लाज जाते आणि तुमचा जीव. आणि काम संपले म्हणून ओढ्यात ढकलून देऊ नका. बसायला, टेकायला, काही धरून ठेवायला आम्ही अजून असतो.

लिनेल पहिलीत गेली त्या हिवाळ्यात एलुईसने तिला हातमोजे घ्यायला दुकानात नेले. पोरीने प्रत्येक जोडीची शिवण उलटी करून बघितली, तीन जोड्या नाकारल्या, चौथी घेतली. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून उघड्या हातांनी आली. वर्गातल्या एका मुलीकडे मोजे नव्हते, म्हणाली, म्हणून दिले. एलुईस कपाळाला हात लावून बसली. ॲम्ब्रोज खुर्चीत इतका हसला की छपरावर मला ऐकू आले.

ॲम्ब्रोज एट्सिटी त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या एका दुपारी, वारला.